मोटरहोमची हाऊस बॅटरी: आहे ती एसएमएफ सांभाळायची की लिथियम घ्यायची?

नवीन मोटरहोम घेतली की बिल्डर बहुतेक वेळा पलंगाखालच्या खणात 100 एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) दोन एसएमएफ, म्हणजे पाणी न घालावं लागणाऱ्या सीलबंद बॅटऱ्या बसवून देतो. इंजिनची बॅटरी वेगळी, या राहण्याच्या भागातल्या फ्रिज-पंख्यांसाठीच्या, म्हणून हाऊस बॅटरी. जास्तीचे पैसे मोजायची तयारी असेल तर लिथियम. मी दोन्ही वापरल्या आहेत, एकाच गाडीत आणि एकाच पार्किंगमध्ये. कंपन्यांच्या पत्रकातले सायकलचे आणि वॉरंटीचे तक्ते तुम्ही पाहिले असतीलच, त्यात शिरत नाही. मुंबईत गाडी ठेवणाऱ्याला पुढे काय सोसावं लागतं, तेवढं सांगतो.

आधी ट्युब्युलरचा, म्हणजे पाणी घालाव्या लागणाऱ्या बॅटरीचा, विषय मिटवतो, कारण कोणी ना कोणी ती सुचवतंच. गावच्या घरी जिन्याखाली इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर वर्षानुवर्षं चालते, आणि घरात ती चांगलीच आहे. गाडीत मात्र घाटाच्या वळणांवर तिच्या टोपणांतून ॲसिड झिरपतं, डिस्टिल्ड वॉटर घालायला दर वेळी गादी आणि फळी उचलावी लागते, आणि चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. हवेत हा वायू चार टक्के जमला तरी पेट घेऊ शकतो, आणि हे सगळं आपण झोपतो त्याच फळीखाली. बाहेरून हवा खेळणारा बंदिस्त वेगळा खण असेल तर गोष्ट निराळी. नसेल तर माझ्या मते नकोच.

राहिल्या दोन: एसएमएफ आणि लिथियम. इथे लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, दुकानदार जिला एलएफपी म्हणतात ती. गाडीत झोपायचं असेल तर दुसऱ्या प्रकारच्या लिथियमच्या वाटेला जाऊ नये.

प्रत्यक्ष प्रवासात दोघींत वाटतो तितका फरक पडत नाही. 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, दोन पंखे, दिवे, पाण्याचा पंप, फोन आणि लॅपटॉप असं धरून कोकणातल्या दमट उकाड्यात माझा संध्याकाळ ते सकाळ खर्च साधारण 50 ते 60 एएच होतो. दोन एसएमएफच्या 200 एएचपैकी निम्मेच वापरावेत असा शिरस्ता आहे, म्हणजे 100 हाताशी. 100 एएचची एकच लिथियम 80-90 सहज देते. रात्र दोन्हींवर निघते. वजनात मात्र मोठी तफावत: दोन एसएमएफ मिळून 60 किलोच्या आसपास, लिथियम साधारण 12 किलो. शिवाय सकाळी इलेक्ट्रिक किटली लावली की एसएमएफचा व्होल्टेज झपकन साडेअकराकडे घसरतो आणि इन्व्हर्टर कुरकुरायला लागतो. लिथियमवर आकडा जेमतेम हलतो. सोय आहे, पण तेवढ्यासाठी दुपटीहून जास्त पैसे घालावेत असं मी म्हणणार नाही.

माझा निर्णय झाला तो गाडी उभी असतानाच्या त्रासामुळे. आपल्यापैकी बहुतेकांची मोटरहोम महिन्यातले थोडेच दिवस रस्त्यावर असते, बाकीचे दिवस सोसायटीत उभी.

लेड-ॲसिड बॅटरीची एक अट असते, आणि एसएमएफही लेड-ॲसिडच आहे: वापर झाला की तिला पूर्ण भरून ठेवायचं. अर्धवट भरलेली तशीच राहिली की प्लेटांवर सल्फेटचे स्फटिक घट्ट होत जातात आणि तेवढी क्षमता कायमची जाते. त्यात शेवटचे वीस टक्के भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. बॅटरी भरत आली की ती करंट घेणं कमी करते, मग चार्जर कितीही दमदार असो. दापोलीहून सकाळी निघून संध्याकाळी मुंबईत पोचलो, दिवसभर अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा वीज बनवणारा भाग) चालू होता, तरी माझी बॅटरी कधी शंभर टक्क्यांना पोचली नाही. गाडी लावून दुसऱ्या दिवशी मल्टिमीटरने पाहावं तर साडेबारा. पूर्ण भरलेली आणि निवांत ठेवलेली बॅटरी 12.7 दाखवते, 12.2 म्हणजे निम्मी.

आणि उभ्या गाडीतही काही ना काही चालूच असतं. गॅस अलार्म, स्टिरिओ, टाकीचा मीटर, सोलर कंट्रोलर असं मिळून दीडशे मिलिॲम्पिअर धरा. दिवसाला साडेतीन एएच, तीन आठवड्यांत 75. त्यात आपला उकाडा. लेड-ॲसिडचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे, आणि मे महिन्यात बंद गाडीच्या आत हात ठेववत नाही.

यावर उपाय एकच, दर आठ-पंधरा दिवसांनी रात्रभर चार्जरला लावणं. ते करायला प्लग हवा. मोटरहोमची उंची पाहता ती पोडियममध्ये किंवा स्टिल्टखाली शिरत नाही, म्हणून माझी कंपाऊंडच्या भिंतीलगत उभी असते. दोन टॉवरच्या मधली जागा, वर पर्जन्यवृक्ष. छतावरच्या पॅनेलवर धड ऊन येतं ते अकरा ते एक. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तेही नाही, आणि वर ओल्या पानांचा थर. म्हणून मी सोसायटीकडे प्लगसाठी अर्ज केला. कमिटीचा पहिला प्रश्न होता, तुमची गाडी इलेक्ट्रिक आहे का? नाही म्हटल्यावर कॉमन मीटरवरून वीज कशी द्यायची, उद्या दुसऱ्यानेही मागितली तर काय, अशी चर्चा महिनोन्‌महिने चालली. त्यांचंही चुकत होतं असं नाही. शेवटी वॉचमनच्या केबिनमधून एक्स्टेंशन ओढायची तोंडी परवानगी मिळाली, महिन्याचे ठरावीक पैसे भरून.

मग सुरू झाली ती खरी कटकट. रात्री पिन लावायची, पावसात जोडावर प्लास्टिकची पिशवी बांधायची, वायर कोणाच्या स्कूटरखाली येणार नाही असं पाहायचं. सकाळी उतरावं तर चार्जर बंद. "साहेब, पंप चालू करायचा होता, म्हणून तुमची पिन काढली." पहाटे दोनला काढली की पाचला, ते त्याला आठवत नसे, आणि राहून जात ते नेमके शेवटचे, सगळ्यात गरजेचे तास. एका पावसाळ्यानंतर त्या दोन्ही बॅटऱ्या चार्जर काढला की तासाभरात साडेबाराच्या खाली यायला लागल्या. रात्रीचा फ्रिज पहाटेपर्यंत टिकेना.

लिथियमने या कटकटीतून सोडवलं. तिला भरून ठेवावंच लागत नाही. उलट गाडी उभी राहणार असेल तर ती निम्मी ते साठ टक्के भरलेली बरी, कारण उकाड्यात शंभर टक्क्यांवर पडून राहणं तिला मानवत नाही. म्हणजे कोकणातून परत येताना ती जशी असेल तशी मेन स्विच बंद करून सोडून देतो. निघायच्या आदल्या दिवशी पॅनेल किंवा इंजिन जे मिळेल ते लावतो. करंट घेण्यात ती शेवटपर्यंत कचरत नाही, त्यामुळे पनवेल ओलांडून पेणपर्यंत पोचेतो फरक दिसू लागतो. सोसायटीला प्लग मागणं मी बंद केलं.

म्हणून ती बिनदेखभालीची आहे असं मात्र समजू नका. मेन स्विच न विसरणं इथे जास्तच महत्त्वाचं. बारीकसारीक खर्चाने ती पूर्ण रिकामी झाली तर बीएमएस, म्हणजे बॅटरीतच असलेलं संरक्षक सर्किट, तिला आतून तोडतो, आणि अशी झोपलेली बॅटरी काही साधे चार्जर उठवू शकत नाहीत. स्विच बंद केल्यावर गॅस अलार्मही बंद होतो, तेव्हा सिलिंडरचा नॉब आधी बंद. व्होल्टेज पाहून तिच्यात किती उरलंय हे कळत नाही, मधल्या पट्ट्यात आकडा जवळपास सपाट राहतो. त्यासाठी शंट लावलेला, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा मीटर घ्या, लॅमिंग्टन रोडला मिळतो. अधूनमधून पूर्ण भरली की आतले सेल समपातळीवर येतात, ते प्रवासात आपोआप होतं.

खर्चही बॅटरीपुरता थांबत नाही. इंजिनच्या बॅटरीशी साध्या रिलेने तिला जोडू नये. ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापतो, आणि काही बीएस6 गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज मुळातच वरखाली होत असतो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवा, म्हणजे अल्टरनेटरकडून मर्यादित करंट घेऊन बॅटरीला योग्य व्होल्टेज देणारा. मेन चार्जर आणि सोलर कंट्रोलर दोन्हींत लिथियमचं सेटिंग हवं, आणि लेड-ॲसिडसाठीचा इक्वलायझेशन मोड (मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन भरणं) बंद. बॅटरीजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज तर कुठल्याही बॅटरीला लागतोच.

एसएमएफच्या बाजूने बोलायचं तर ती कणकवलीपासून कोल्हापूरपर्यंत कुठेही मिळते, जुनी दिली की काही रक्कम परत मिळते, आणि वायरिंगला हात लावावा लागत नाही. ज्यांचा बंगला आहे, फार्महाऊसच्या शेडमध्ये प्लग आहे, त्यांनी ती सुखाने वापरावी. हिवाळ्यात स्पिती किंवा लडाखला जाणाऱ्यांनीही थांबून विचार करावा. शून्य अंशाखाली साधी लिथियम चार्ज करता येत नाही, हीटर असलेली वेगळी घ्यावी लागते. पण सोसायटीत गाडी लावायची, प्लग नाही, आणि फिरणं महाबळेश्वर ते मालवण, असं असेल तर मला तरी लिथियमच बरी वाटते.

गाडी अजून बिल्डरकडेच असेल तर एसएमएफ बसवूच नका म्हणून सांगा आणि तेवढी रक्कम डीसी-टू-डीसी चार्जरकडे वळवून घ्या. ताब्यात आली असेल तर आहेत त्या बॅटऱ्या एक हिवाळा वापरा, पावसाळ्यापूर्वी चांगल्या स्थितीत असतानाच विका, तेव्हाच त्यांना गिऱ्हाईक मिळतं. नवीन घेताना बिलावर बॅटरीचा सिरीयल नंबर आणि चार्जरचं मॉडेल दोन्ही लिहून घ्या. वॉरंटी मागायला गेलात की चार्जर कोणता वापरला, हे हमखास विचारतात.