माझाच स्टेअरिंग बॉक्स मला साडेसोळा हजारांना विकला

आमचा ट्रॅक्टर 1999 चा. साधं स्टेअरिंग, पॉवर वगैरे काही नाही. दिंडोरी तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग आहे. गेल्या वर्षी गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील, वरून पाऊस, डाऊनी रोगाची धास्ती, फवारणीचा ब्लोअर एक दिवसही थांबवायची सोय नाही. नेमकं तेव्हाच ट्रॅक्टरचं तिरसटासारखं वागणं खुपायला लागलं. ओळीच्या टोकाला डावीकडे एका दमात वळायचा, उजवीकडे वळवताना दोनदा मागेपुढे करावं लागायचं. डांबरी रस्त्यावर सरळ जाताना स्टेअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकांना पत्ता नसायचा.

नाशिकजवळच्या एका गॅरेजात नेला. मालकाने बोनेटला हात लावायच्या आधी विचारलं, "फवारणी कधी आहे, भाऊ?" मी भाबडेपणाने सांगितलं, "परवा." माझा भाव तिथेच ठरला असणार.

मग त्याने स्टेअरिंग डावी-उजवी हलवून दाखवलं. "हे बघा, केवढा प्ले. बॉक्स खलास आहे. आतलं खोलून उपयोग नाही, पूर्ण बॉक्सच बदला." बॉक्स म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारी दात्यांची पेटी. प्ले, म्हणजे चाकं न हलता स्टेअरिंगचं नुसतंच फिरणं, तर मला घरीही दिसत होता. डोळ्यांनी दिसतंय ते तो बोलतोय म्हटल्यावर पुढचंही खरंच असणार, असं मी धरून चाललो. चूक तीच. प्ले म्हणजे दुखणं. तो कशामुळे आलाय हे त्याने सांगितलंच नाही आणि मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रॅक्टर तयार. चकचकीत रंगवलेला बॉक्स, प्ले गायब. जुना कुठे आहे विचारलं तर म्हणाला, "भंगारात टाकला, त्याचे आठशे रुपये तुम्हाला कमी केलेत." मी खूश! पावती म्हणजे वहीचं पान, त्यावर 'स्टेअरिंग काम 16,500'. पार्ट नंबर नाही, कंपनीचा खोका नाही, जीएसटी नाही.

तीन दिवसांत कळलं की उजवीकडचं वळण आहे तसंच आहे. वर नवीनच दुखणं: डावीकडे वळवताना थोडं फिरलं की मध्येच स्टेअरिंग घट्ट व्हायचं आणि जरा जोर लावला की पुन्हा हलकं.

आमच्या गावात एक म्हातारे मिस्तरी आहेत, आता काम जवळपास सोडलंय. त्यांना बोलावलं. त्यांनी पाना उचलायच्या आधी मला पुढची चाकं एकेका बाजूला पूर्ण वळवायला लावली आणि स्वतः खाली वाकून बघितलं. डावीकडे वळवल्यावर चाकाचा स्टॉप बोल्ट, म्हणजे वळण थांबवणारा बोल्ट, एक्सलला टेकत होता. उजवीकडे टेकतच नव्हता, बोटभर फट. म्हणजे चाक अजून वळायला तयार, पण वरून बॉक्सच अडतोय.

मग पुढचा एक्सल जॅकवर घेतला, चाकं सरळ ठेवली, ड्रॅग लिंक (चाकांकडे जाणारा दांडा) ड्रॉप आर्मपासून (बॉक्सच्या शाफ्टवर दात्यांत बसणाऱ्या हातापासून) सोडवली आणि नुसत्या स्टेअरिंगचे फेरे मोजले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार फेरे. चाकं सरळ असताना दोन्हीकडे दोन-दोन यायला हवे होते. निघाले डावीकडे अडीच, उजवीकडे दीड.

"ड्रॉप आर्म कोणी काढला होता?" मिस्तरींनी विचारलं. मी मान खाली घातली. उन्हाळ्यात ऑइल सील गळत होतं म्हणून मी आणि पुतण्याने घरीच बदललं होतं. आर्म परत बसवताना खूण जुळवली नाही, शाफ्टच्या दात्यांमध्ये एक दाता चुकला. तेवढ्याने सगळं एका बाजूला सरकलं.

प्लेचा उलगडाही त्यातच होता. आमच्या बॉक्सच्या आतले दाते बरोबर मध्यावर घट्ट बसतात आणि दोन्ही बाजूंना जरा सैल असतात. मध्य सरकल्यामुळे सरळ चालताना आम्ही कायम सैल जागेवर होतो. गॅरेजवाल्याने त्या सैल जागेवरच ॲडजस्टिंग स्क्रू आवळून प्ले घालवला. त्यामुळे खरा मध्य आला की दाते अडकायचे. स्क्रू तसाच ठेवून चालवलं असतं तर दाते खरोखर गेले असते.

पुलर लावून आर्म काढला, एक दाता फिरवून बसवला, मध्यावर धरून स्क्रू पुन्हा लावला. दोन तासांचं काम, मिस्तरींनी पाचशे घेतले, तेही आग्रह केल्यावर.

आणि मग ते दिसलं. बॉक्सवर सांडलेलं तेल पुसायला डिझेलचं फडकं फिरवलं तर नवाकोरा रंग सोलून आला, खाली पितळी वेल्डिंगचा पट्टा. फार पूर्वी दगड लागून बॉक्सचा कान तडकला होता, तो आमच्या तात्यांनी ब्रेझिंग (पितळ वितळवून जोडणं) करून घेतला होता. ती जागा मी डोळे मिटून ओळखतो. नव्या बॉक्सवर तात्यांचं ठिगळ कसं येईल?

गॅरेजात गेलो तर मालक म्हणाला, "रंग तुम्हीच दिला असेल." मी बॉक्स देण्याआधी फोटो काढला नव्हता, सेंटर पंचने गुपचूप खूणही केली नव्हती, जुना माल हातात घेतला नव्हता. यातलं एक जरी केलं असतं तरी तो एवढं बोलू शकला नसता. तुमच्याकडे कोणी बॉक्स बदला म्हणालं तर आधी त्याच्यासमोर ड्रॅग लिंक सोडवून फेरे मोजायला लावा. त्याने नाही म्हटलं तर ट्रॅक्टर परत आणा, फवारणी भाड्याच्या ट्रॅक्टरने होते.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते, म्हणून अर्ज दिलाय. वहीचं पान जोडलंय, मिस्तरी लिहून द्यायला तयार आहेत. बॉक्सवरचा उरलेला रंग मात्र मी खरवडलेला नाही. तारीख लागली की तो तसाच दाखवायचाय.