चार तारे दिलेत, पाचवा राखून ठेवलाय

मी रिटायर एसटी कंडक्टर. गाडी वेळेवर सुटते का, याकडं नजर जातेच. सांगलीतल्या या डायलिसिस सेंटरमध्ये, म्हणजे किडनीचं रक्त शुद्ध करायचं काम जिथं मशीन करतं तिथं, सकाळची शिफ्ट सातला लागते म्हणजे सातलाच लागते. मंगळवार-शुक्रवार, चार-चार तास. आठवड्याला तीनदा हवं असं डॉक्टर म्हणतात, पण मशिनं थोडी आणि माणसं फार. सिस्टरांचा हात हलका आहे, माझा पहिलाच फिस्टुला (सुया टोचायला ऑपरेशन करून हातात जोडलेली नस) अजून चालू आहे. जनआरोग्य योजनेतून होतं, पैसे लागत नाहीत. एसी मात्र असा, की मे महिन्यातही कानटोपी न्यावी लागते.

पण लिहायला बसलो ते २०१९ च्या पुरासाठी. ५ ऑगस्ट, सोमवार. माझी पाळी मंगळवारी. दुपारीच टेक्निशियनचा फोन आला, "काका, कृष्णा चढायला लागलीय. उद्यावर ठेवू नका, आज रात्रीच या." अकराला मशीनवर घेतलं. किडनी बंद असली की रक्तात पोटॅशियम साठतं आणि ते हृदयाला घातक; निघताना ते उतरवायच्या पावडरीची पाकिटं दिली आणि माझ्याच मोबाइलवर सगळ्या रिपोर्टचे फोटो काढून ठेवले. मनात म्हटलं, पोरगा जरा जास्तच करतोय.

दुसऱ्या दिवशी गल्लीत पाणी. पुढं आयर्विन पुलाजवळ ते ५७ फुटांवर गेलं. सेंटरचा आरओ प्लांट, म्हणजे मशीनसाठी पाणी शुद्ध करणारी यंत्रणा, तळमजल्यावर, तो बुडाला. एका डायलिसिसला सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी लागतं. गावभर पाणीच पाणी, पण मशीनसाठी थेंब नाही.

शाळेतल्या छावणीत वाटपाला केळी आणि फरसाण. केळ्यात पोटॅशियम, फरसाणात मीठ, आणि मीठ पोटात गेलं की तहान आवरत नाही. हिनं अर्ध्या लिटरच्या बाटलीवर पेनानं रेघा मारल्या: दुपारपर्यंत इथवर, रात्रीपर्यंत इथवर. शेजारच्यांची नात केळं सोलून समोर धरायची, "आजोबा, खावा की." तिला काय सांगणार?

शनिवारी बोटीनं बाहेर पडलो, मिरज गाठली. एका खासगी दवाखान्यात काउंटरवर म्हणाले, एचआयव्ही आणि काविळीचे रिपोर्ट बघितल्याशिवाय मशीनवर घेत नाही. नियम बरोबरच आहे, कावीळवाल्याचं मशीन वेगळं ठेवावं लागतं. पण माझी फाइल घरात आणि घर पाण्यात. मोबाइल काढून फोटो दाखवले. काउंटरवरच्या बाईंनी ते दोन बोटांनी मोठे करून तारखा वाचल्या आणि आत पाठवलं. गर्दी एवढी, की प्रत्येकाला दोनच तास. अंगात साडेतीन किलो पाणी चढलं होतं, त्यातलं दोन किलो निघालं. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून दोन रात्री उशीला टेकून बसून काढल्या होत्या, त्या रात्री आडवा होऊन झोपलो.

आरओ प्लांट अजून तळमजल्यावरच आहे. एक तारा तेवढ्यासाठी कापलाय. वर नेला की देतो.