कडुनिंब अर्काची पिकलिंग पावडर: थंड टाकीपुरती चांगली

पिकलिंग म्हणजे पोलाद आम्लाच्या टाकीत बुडवून गंज काढणं. तेव्हा आम्ल खालचं चांगलं पोलादही खातं. पावडरीतले टॅनिन-फ्लॅव्होनॉइड (कडुनिंबातली नैसर्गिक द्रव्यं) पृष्ठभागाला थरासारखे चिकटून पोलाद वाचवतात. लिटरभर आम्लाला १ ग्रॅम पुरते. पण आधी कोमट पाण्यात भिजवून फडक्यातून गाळाच, नाहीतर चोथा चिकटून पत्र्यावर काळपट ठिपके उठतात. डब्यावर हे छापलेलंच नाही!

डोळे झाकून विश्वास नको. सारख्या दोन पट्ट्या वजन करून ६ तास बुडवा, एक नुसत्या आम्लात, दुसरी अर्कासह. धुऊन, वाळवून पुन्हा तोला. नुसत्या आम्लात बुडबुडे उसळतात, अर्कात तुरळक. टाकी ६० अंशांवर गेली की थर सुटू लागतो. तिथे पैसे वाया. भिजवलेला अर्क साठवू नका, बुरशी धरतो.