‘राजवाडा दुपारपर्यंत बंद आहे’: बँकॉकचा पुष्कराज आम्हाला केवढ्याला पडला

बँकॉकला निघाला असाल तर आधी एवढं ऐकून ठेवा. ग्रँड पॅलेस सकाळी साडेआठला उघडतो आणि तिकीटखिडकी दुपारी साडेतीनला बंद होते. मध्ये जेवणाची सुट्टी नसते. भिक्षूंच्या प्रार्थनेसाठी रोज दुपारपर्यंत बंद ठेवायची पद्धत नाही. थाई नागरिकांना तिकीट लागत नाही हे खरं, पण ‘सकाळी फक्त थाई लोकांना प्रवेश’ असला नियम कुठेही नाही. एवढीशी माहिती मला आणि माझ्या मावसभावाला २८,५०० बाथना पडली, म्हणजे त्या दिवशीच्या दराने जवळपास ७५ हजार रुपये.

हे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “एवढं साधं कसं कळलं नाही गं तुम्हाला?” साधं नव्हतंच ते. म्हणून घडलं तसं सगळं सांगते, कारण यातला एकेक तुकडा सुटा भेटला तर त्यात वावगं काही दिसतच नाही.

२०२३ च्या नोव्हेंबरात थायलंडने भारतीयांना व्हिसाची अट काढली आणि आमच्या वयाची निम्मी पुणे-सांगली तिकडे जाऊन आली. आम्हीही गेलो. मुक्काम बांग्लाम्फू भागातल्या एका हॉस्टेलमध्ये, खाओसान रस्त्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. अशा हॉस्टेलांमध्ये रात्री खालच्या हॉलमध्ये एक बिनपैशाची शाळा भरते. कोण कंबोडियाहून आलेलं असतं, कोण बालीला निघालेलं असतं, आणि प्रत्येकाकडे दुसऱ्याला सांगण्यासारखं काहीतरी असतं. चाओ फ्राया नदीतली नारिंगी झेंड्याची बोट घ्या, पर्यटकांसाठीची महागडी घेऊ नका. राजवाड्यात गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, तिकीट ५०० बाथ. पट्टायात जेट-स्की भाड्याने घेणार असाल तर आधी तिचा सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा, नाहीतर जुन्या ओरखड्यांचे पैसे तुमच्याकडून वसूल करतील. सगळं खरं, सगळं उपयोगी.

त्या रात्री एका स्पॅनिश मुलीने अजून एक सांगितलं: सकाळी लवकर जा, आणि राजघराण्याचा काही विधी असला तर राजवाडा बंद असतो, तेवढं बघून निघा. हेही खरंच. २०१६ च्या ऑक्टोबरात राजे भूमिबोल गेले तेव्हा त्यांचं पार्थिव याच आवारात ठेवलं होतं आणि तेव्हा राजवाडा काही काळ पर्यटकांसाठी बंद होता. अधूनमधून विधींसाठी बंद असतोच, आणि तसं असेल तर राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर तारीख दिलेली असते. म्हणजे ‘बंद असू शकतो’ ही गोष्ट आम्ही सकाळी डोक्यात घेऊनच निघालो होतो. पुढची थाप या खऱ्या माहितीवर बेतलेली होती.

आता जागा समजून घ्या, कारण निम्मी करामत जागेची आहे. आम्ही आधी वाट फो हे मंदिर बघितलं, तिथला झोपलेला बुद्ध. तिथून राजवाडा शेजारीच, भिंतीला भिंत म्हणावी इतका. पण वाट फोकडून आलात की तुम्ही राजवाड्याच्या मागच्या अंगाला पोचता. पर्यटकांचं दार उत्तरेला आहे, ना फ्रा लान रस्त्यावर. दक्षिणेकडून चालत येणाऱ्याला आधी लांबच लांब पांढरी भिंत लागते आणि तिच्यातले बंद दरवाजे, काहींसमोर पहारेकरी. सनाम चाय मेट्रो स्टेशनवरून येणाऱ्यांचंही तेच. तेव्हा ‘बंद आहे’ असं कुणी सांगितलं की समोर खरोखर बंद दार दिसत असतं.

सांगणारा माणूस पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. आम्ही नकाशा बघत थांबलो होतो. त्याने विचारलं, कुठले तुम्ही? भारत म्हटल्यावर हात जोडले. म्हणाला, आत विधी चालू आहे, पर्यटकांना एक वाजता सोडतील, तोवर इथे उन्हात कशाला थांबता? आमच्याच नकाशावर त्याने पेनाने दोन-तीन खुणा केल्या: उभा बुद्ध, म्हणजे वाट इंथाराविहान, आणि एक लहानसं मंदिर, जे म्हणे फक्त आजच उघडं असतं. टुकटुकवाल्याला वीस बाथपेक्षा जास्त देऊ नका, ते लुटतात, असंही वर बजावलं. पैसे मागितले नाहीत, काही विकलं नाही. जाताना सांगून गेला, “खिसेकापूंपासून सावध राहा.”

टुकटुक लगेच मिळाली. वीस बाथ म्हणजे पन्नास-पंचावन्न रुपये. एवढ्या पैशात बँकॉकमध्ये तीन ठिकाणी फिरवून आणायला कुठलाही रिक्षावाला तयार होणार नाही, त्याचं पेट्रोलही निघत नाही. पण गणपतीपुळ्याला भाव करायची सवय असलेल्या माणसाला ‘स्वस्त’ या गोष्टीचा संशय येत नाही, ‘महाग’चा येतो.

उभा बुद्ध बघितला. तो खरा आहे, ३२ मीटर उंच, आणि बघण्यासारखाही आहे. मग ते लहान मंदिर. आत कुणी नव्हतं, फक्त एक माणूस शांत बसला होता, शर्ट खोचलेला, पायांत मोजे. त्याने हाक मारली नाही की हात केला नाही. मावसभावाने बुद्धाचा फोटो काढायचा की नाही म्हणून त्याच्याकडे बघितलं, तेव्हा तो हसून ‘काढा’ म्हणाला. तिथून गप्पा. तो शिक्षक, सुट्टीला बँकॉकला आलेला, सासुरवाडी इथली. मुंबईला एकदा जाऊन आला होता. झवेरी बाजार त्याला माहीत होता! आणि बोलता बोलता म्हणाला, “तुम्ही भारतातले लोक पिवळा नीलम घालता ना, गुरू ग्रहासाठी?”

हे ऐकून मावसभावाने माझ्याकडे बघितलं. मावशीला वर्षभरापूर्वी एका ज्योतिषांनी पुष्कराज घालायला सांगितला होता आणि सांगलीतल्या सराफाने सांगितलेली किंमत ऐकून तो विषय घरात मागे पडला होता. त्या माणसाला आमची मावशी अर्थातच माहीत नव्हती. पण भारतीय घरात पुष्कराज, नीलम किंवा माणिक यांतलं एखादं कुणीतरी कुणालातरी घालायला सांगितलेलं असतंच, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. पुढे म्हणाला, सरकारी निर्यात सप्ताह चालू आहे, आज शेवटचा दिवस, कर माफ. आपण दरवर्षी थोडे खडे घेतो, परदेशातल्या मेहुण्याकडे पाठवतो, त्यात मुलाच्या फीचं भागतं. दुकानाचं नावही त्याने आपणहून सांगितलं नाही. आम्हीच विचारलं.

बाहेर आलो तर टुकटुकवाला अवघडल्यासारखा उभा. एका दुकानाशी दहा मिनिटं थांबाल का, तिथे मला पेट्रोलचं कूपन मिळतं, नुसतं बघून बाहेर या. वीस बाथचं कोडं सुटलं म्हणून आम्हाला उलट बरंच वाटलं. दुकान तेच निघालं, शिक्षकाने सांगितलेलं.

दुकानातला भाग फार रंगवत नाही, कारण तिथे पोचेपर्यंत काम झालेलं होतं. एसी, थंड पाणी, भिंग, चिमटा, मखमली तबक. चांथाबुरीच्या खाणींबद्दल बोलणं झालं. ते शहर रत्नांच्या व्यापारासाठी खरंच नावाजलेलं आहे. पिवळाधमक खडा निवडला, दोन लहान माणकं घेतली, कार्ड घातलं, पिन दाबला. प्रमाणपत्र मिळालं. पाकीट मेणाने सीलबंद केलं आणि बजावलं की सील तुटलं तर परत घेण्याची हमी जाईल. मग म्हणाले, बरोबर नेऊ नका, विमानतळावर कस्टमवाले त्रास देतील, आम्ही इथूनच विमा उतरवून पोस्टाने पाठवतो. ही शेवटची चाल सगळ्यांत हुशारीची. खडा आमच्या हातात राहिला असता तर संध्याकाळी कुणाला तरी दाखवता आला असता.

संध्याकाळी हॉलमध्ये आम्ही कौतुकाने हे सांगायला घेतलं. त्याच स्पॅनिश मुलीने ‘राजवाडा बंद’ ऐकताच हात वर केला. ती मागच्या वर्षी दिल्लीला गेली होती. नवी दिल्ली स्टेशनात पहिल्या मजल्यावर परदेशी प्रवाशांसाठी तिकीट कार्यालय आहे, तिथे निघाली असताना एका सभ्य माणसाने जिन्याशीच सांगितलं की ते बंद झालंय, आता नवीन कार्यालय कनॉट प्लेसला आहे. रिक्षावाल्यालाही तेच माहीत होतं. त्या ‘कार्यालया’ने तिला काश्मीरची सहल विकली. पहाडगंजजवळची ही थाप दिल्लीत जुनी आहे, आणि आम्ही दोघं दिल्लीला कितीदा तरी गेलोय, पण आम्हाला ती कधीच कुणी मारली नाही. कशाला मारतील? ती त्यांच्यासाठी असते. आपल्यासाठीची बँकॉकमध्ये असते.

दुसऱ्या दिवशी ना फ्रा लान रस्त्याने गेलो. दार उघडं, रांगा लागलेल्या, आणि बाहेर इंग्रजीत पाटी: लबाड अनोळखी माणसांवर विश्वास ठेवू नका. पाटी उत्तरेच्या दाराशी, थापा मारणारे दक्षिणेच्या भिंतीशी. (आतला प्रसिद्ध ‘पाचूचा बुद्ध’ पाचूचा नाही, जेडसारख्या हिरव्या दगडाचा आहे, हेही तिथेच कळलं. त्या दिवशी ते वाचून हसू आलं नाही.)

पर्यटन पोलिसांना फोन केला, क्रमांक ११५५, इंग्रजीत बोलता येतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न केला: खडे तुमच्याकडे आहेत का? असते तर पावती आणि खडे घेऊन दुकानात जाता आलं असतं, अशा वेळी थोडी रक्कम कापून पैसे परत मिळाल्याचं आम्ही नंतर इतरांकडून ऐकलं. आमचे खडे पोस्टात होते आणि आमचं विमान त्याच रात्रीचं.

पाकीट सांगलीला आलं, ते आधी फसवणूकच नाही असं वाटावं इतकं व्यवस्थित. त्यावर सीमाशुल्क भरावं लागलं ते वेगळं. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत तपासून घेतलं. पुष्कराज नैसर्गिकच निघाला, काच नाही, कृत्रिम नाही. फक्त मुळात फिका, जवळजवळ बिनरंगी खडा बेरिलियमबरोबर प्रचंड तापवून पिवळा केलेला. चांथाबुरीच्या मालात हा प्रकार २००१-०२ च्या सुमारास उघडकीला आला आणि तेव्हा जगभरच्या रत्नबाजारात खळबळ उडाली होती. माणकांच्या भेगांत शिशाची काच भरलेली, सोनाराने डाग द्यायला ज्योत लावली तर ती बाहेर यायची. तिन्हींची मिळून किंमत आम्ही दिलेल्या पैशाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास.

आणि दुकानाच्या प्रमाणपत्रावर काय लिहिलं होतं? नैसर्गिक पुष्कराज, वजन अमुक कॅरट. दोन्ही गोष्टी खऱ्या. तापवल्याबद्दल एक अक्षर नाही, पण खोटंही एक अक्षर नाही. बँकेकडे तक्रार केली तर उत्तर आलं की व्यवहार कार्डधारकाने स्वतः पिन टाकून केला आहे आणि माल मिळाला आहे. तेही खरंच. निर्यात सप्ताह, करमाफी, खडे परदेशी पाठवून होणारी कमाई हे सगळं तोंडी होतं आणि ते दुकानातल्या माणसाने उच्चारलंही नव्हतं. ते मंदिरातल्या शिक्षकाने सांगितलं होतं, आणि तो आता कुठे सापडणार?

मी यावर बराच विचार केला. हॉस्टेलमध्ये ज्यांचं ऐकलं तेही अनोळखीच होते, आणि त्यांचं ऐकून आमचं कुठेच नुकसान झालं नाही. फरक एवढाच दिसतो की तिथे आम्ही विचारलं होतं. रस्त्यावरच्या माणसाने विचारायच्या आधी सांगितलं. आणि त्या सकाळी भेटलेल्या तिघांची एकमेकांशी ओळख नाही असं आम्ही धरून चाललो, म्हणून तिघांचं म्हणणं जुळलं तेव्हा ते तीन साक्षीदार वाटले. मंदिरातला शिक्षक आधीपासून तिथे बसलेला होता, कारण टुकटुक कुठे येणार हे त्याला माहीत होतं. खड्यांच्या जागी सूट शिवणारं दुकान असतं, कधी लांबट बोटीची महागडी फेरी असते, सुरुवातीचं वाक्य मात्र तेच.

तेव्हा कुणी ‘बंद आहे’ म्हटलं तर वाद घालू नका, मान डोलवा आणि भिंतीच्या कडेकडेने तिकीटखिडकीपर्यंत चालत जा. रत्नं घ्यायचीच असतील तर बँकॉकमध्ये सीलोम रस्त्यावर जीआयटी ही रत्नांची सरकारी संस्था आहे, पैसे देण्याआधी तिथे तपासून घेऊ देणार का असं दुकानदाराला विचारा आणि त्याचा चेहरा बघा. आणि घेऊन बसला असाल तर माल पोस्टात पडू देऊ नका, सील, पावती, दुकानाचा फोटो सांभाळा आणि देश सोडायच्या आधी ११५५ ला फोन करा. घरी आल्यावर त्या दुकानाला आम्ही पाठवलेल्या ईमेलना पहिल्यांदा उत्तर आलं होतं: खडे परत पाठवा, तपासून कळवतो. ते पाठवण्याचा खर्च आणि पुन्हा तिकडचं सीमाशुल्क मिळून जो आकडा झाला तो बघून मावसा म्हणाला, राहू दे.