परळ की परदेश? कुत्र्या-मांजरांचं मेडिसिन शिकायचं असेल तर

इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षांचं बीव्हीएस्सी, म्हणजे पशुवैद्यकाची पदवी, उरकलं. आता नाशिकला परतून गंगापूर रोडला नाहीतर इंदिरानगरला पेट प्रॅक्टिस टाकायची आहे, पण त्याआधी मेडिसिन पक्कं करायचं आहे. मग दोन वर्षांचं एमव्हीएस्सी (पदव्युत्तर पदवी) करावं की अमेरिका-युरोपातली रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात काम करत घ्यायचं तज्ज्ञाचं प्रशिक्षण, गाठावी? (सरकारी नोकरीच हवी असेल तर यातलं काहीच नको. पशुधन विकास अधिकारी व्हायला बीव्हीएस्सी पुरतं.)

माफसूची, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची, महाविद्यालयं नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही आहेत, पण नाशिककराला सोयीचं मुंबईतलं परळच. 1886 पासूनचं कॉलेज, शेजारी प्राण्यांचं पेटिट रुग्णालय, आणि पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरलं की लोकलचं पुढचंच स्टेशन. सोयीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तिथल्या ओपीडीत जे दिसतं, तेच पुढे नाशिकला तुमच्या टेबलावर येणार असतं.

गोचीड तापच घ्या. कुत्रा तापलेला, खात नाही, नाकातून रक्त; मशीन प्लेटलेट्स वीस हजार दाखवतं. मेडिसिन शिकलेला डॉक्टर तेवढ्यावर थांबत नाही. तो कानाच्या टोकाचं रक्त घेऊन स्लाइड ओढतो आणि स्मिअरच्या शेवटच्या कडेला प्लेटलेट्सचे गठ्ठे झालेत का ते आधी पाहतो, कारण गठ्ठे असले तर मशीनचा आकडा फसवा. मग मोनोसाइट या पांढऱ्या पेशीत एर्लिकिया जिवाणूचा मोरुला (जिवाणूंचा पुंजका) आणि तांबड्या पेशींत बॅबेसिया हा परजीवी शोधतो. मोरुला सापडला नाही म्हणून एर्लिकिया नाहीच, असंही तो म्हणत नाही. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन चालतं. बॅबेसियाची गिब्सोनी ही जात त्याने हटत नाही. ही नजर पुस्तकाने येत नाही, चुकीची स्लाइड वाचल्यावर कुणीतरी मागून टोकल्यानेच येते.

एमव्हीएस्सीची दुखरी बाजूही आहे. अभ्यासक्रमात गाई-म्हशी असतातच, आणि प्रबंधाचा विषय बहुतेक वेळा गाईडच्या कामाच्या दिशेने जातो. तुम्हाला मांजरांची किडनी खुणावत असेल आणि वाट्याला म्हशींचा विषय आला तर दोन वर्षं जड जातात. म्हणून कॉलेजइतकीच गाईडची चौकशी करा. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध कृषिकोशवर (कृषी आणि पशुवैद्यक प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) मिळाले तर चाळून बघा.

रेसिडेन्सीचा घाट निराळा. अमेरिकेत एसीव्हीआयएम, युरोपात ईसीव्हीआयएम, या पशुवैद्यकीय मेडिसिनच्या तज्ज्ञांना मान्यता देणाऱ्या संस्था. आधी वर्षभराची रोटेटिंग (वेगवेगळ्या विभागांत फिरून करायची) इंटर्नशिप, मग तीन वर्षं फक्त मेडिसिन, वर परीक्षा. अमेरिकेत जागा मॅचने मिळते: तुम्ही रुग्णालयांचा पसंतीक्रम लावता, ती तुमचा. तिथली शिस्त मात्र खरोखर हेवा वाटावा अशी. मांजराचं ब्लड प्रेशर घ्यायचं तर आधी त्याला शांत बसू द्यायचं, पहिलं रीडिंग सोडून द्यायचं, पुढच्या पाच-सात रीडिंगची सरासरी काढायची. आपल्याकडे कित्येक क्लिनिकमध्ये मांजराचं बीपी मोजतच नाहीत.

पण संशोधन वाचायला व्हिसा लागत नाही. झडपेच्या आजाराने हृदय मोठं झालेलं पण अजून लक्षणं नसलेल्या 360 कुत्र्यांवरची एपिक चाचणी 2016 मध्ये छापून आली. पिमोबेंडान या औषधामुळे हार्ट फेल्युअर साधारण 15 महिने लांबतं, हे तिचं सार. ते जर्नल मोफत आहे, नाशिकरोडला बसून वाचा.

म्हणून माझं मत सरळ आहे: नाशिकला परतायचं पक्कं असेल तर परळ. रेसिडेन्सीच्या चार-पाच वर्षांचं आणि परीक्षांचं ओझं तेव्हाच घ्या, जेव्हा पुढे शिकवायचं असेल किंवा फक्त रेफरल (दुसऱ्या डॉक्टरांनी पाठवलेल्या) केसेस बघायच्या असतील.

घरची परिस्थिती लगेच कमवायला लावणारी असेल तर मोठ्या खासगी रुग्णालयातली नोकरीही वाईट नाही. 2024 मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झाल्यापासून मुंबईत असा एक पर्याय वाढलाय. कुठेही मुलाखतीला गेलात तर पगाराआधी विचारा: रात्रपाळीला सीनियर फोन उचलतो का, आणि केस दगावली तर पोस्टमॉर्टेम होतं का?