हेड गॅसकेटचे 2,600 डॉलर घेतले, गळत होता रेडिएटर

कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजने 1994 च्या माझदा मियाटा या दोन सीटच्या गाडीच्या मराठी मालकाकडून हेड गॅसकेट (इंजिनाचं वरचं डोकं, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील) बदलल्याचे 2,600 डॉलर घेतले. तीन आठवड्यांत कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) पुन्हा कमी व्हायला लागलं. गळत होता रेडिएटर, आणि हेडला तर कुणी हातही लावला नव्हता. जुनी मियाटा हौसेने घेणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं, कारण फसवायची पद्धत अगदी ठरलेली आहे.

तक्रार साधी होती. आठवड्याला कपभर कूलंट कमी, जमिनीवर थेंब नाही, गाडी उभी केल्यावर गोडसर वास. "खाली काही पडत नाही, म्हणजे इंजिनच पाणी पितंय," असं गॅरेजवाल्याने सांगितलं. ऐकायला पटतं, पण ते अर्धवट आहे. रेडिएटरमधली बारीक चीर इंजिन तापून दाब वाढला की उघडते, आणि झिरपलेलं कूलंट गरम भागावरच वाळून जातं. मागे राहतो पांढरट किंवा हिरवट खरपुडा.

पुरावा म्हणून मालकाला निळ्या द्रवाची चाचणी दाखवली. ही चाचणी खरी आहे: गॅसकेट फुटून जळालेला वायू कूलंटमध्ये शिरला, तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने द्रव पिवळा होतो. पण माणसाच्या उच्छ्वासातही कार्बन डायऑक्साइड असतो. नळीत चार वेळा फुंकलं तरी तोच पिवळा रंग! मालकाला बाटली आतून आणून दाखवली, रेडिएटरवर लावलेली नाही. चाचणी आपल्या डोळ्यांसमोर, इंजिन चालू ठेवून, रेडिएटरच्या तोंडावर बाटली बसवूनच व्हायला हवी. कूलंटची पातळी आधी थोडी खाली आणलेली असावी. कूलंट बाटलीत ओढलं गेलं की ती चाचणी बाद. तेलाच्या टोपणाखालचा पिवळट साय हीही त्यांनी पुरावा म्हणून दाखवली. थंडीत रोज दोन-तीन मैलच गाडी चालली, तर दमटपणामुळे ती धडधाकट इंजिनातही जमते.

काम झालंच नव्हतं हे कशावरून? या इंजिनाचं हेड काढायचं तर आधी वरचं झाकण (कॅम कव्हर) आणि टायमिंग बेल्ट काढावाच लागतो. या कव्हरच्या बोल्टच्या खाचांत वर्षानुवर्षांची तेलकट माती तशीच घट्ट बसलेली होती, एकाही बोल्टवर पान्याची चमक नव्हती. बिल मात्र हेडचं!

गळती शोधायला प्रेशर टेस्टर, म्हणजे दाब दाखवणारा काटा असलेला हातपंप, लागतो. तो पार्ट्सच्या बऱ्याच दुकानांत अनामत ठेवून नेता येतो. इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचं टोपण काढा. गरम असताना उघडलंत तर उकळतं कूलंट तोंडावर येईल. टोपणाच्या जागी टेस्टर बसवून पंपाने टोपणावर लिहिलेल्या दाबाइतका, साधारण 13 पीएसआय, दाब द्या, त्याहून जास्त नाही, आणि पंधरा मिनिटं काट्याकडे बघत थांबा. काटा उतरला तर टॉर्च घेऊन शोधायला लागा. पहिली नजर रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीवर. नवी असताना ती काळी असते; तपकिरी पडली की ठिसूळ झाली म्हणून समजा. या गाडीत वरच्या होजच्या तोंडाशी केसाएवढी चीर होती आणि तिच्याखाली खरपुड्याची रेघ. त्यानंतर फायरवॉलजवळचे (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या भिंतीजवळचे) हीटरचे होज आणि वॉटर पंप बघा. पंप गळत असेल तर इंजिनाच्या पुढच्या बाजूने ओघळ येतो. तो बदलायला टायमिंग बेल्ट काढावा लागतो, म्हणून दोन्ही एकदमच करा. प्रवाशाच्या पायाखालचा गालिचा ओला आणि काचेवर आतून चिकट धुरकटपणा असेल, तर हीटर कोअर (गाडीत ऊब देणारा छोटा रेडिएटर) गळतोय.

चिरलेल्या टाकीला एम-सील किंवा गळती बुजवणारी पावडर नको. ती पावडर हीटर कोअरच्या बारीक नळ्यांत बसते आणि हीटर कोमट होतो. सरळ नवा रेडिएटर घाला, सोबत दोन्ही होज, क्लिपा आणि टोपण. मियाटात एकूण सुमारे 6 लिटर कूलंट मावतं, पण जुनं सोडून दिल्यावरही ब्लॉकमध्ये काही उरतंच. म्हणून साध्या पाण्याने धुतल्यावर आधी 3 लिटर निव्वळ अँटिफ्रीझ (पाणी न मिसळलेलं कूलंट) ओता आणि मग वरून डिस्टिल्ड पाणी. आधीच पाणी मिसळलेलं कूलंट घातलं, तर मिश्रण पातळ पडतं. गाडीचं नाक उंच करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, टोपण उघडं ठेवून इंजिन थंड असतानाच सुरू करा. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला वाट देणारी झडप) उघडून बुडबुडे थांबेपर्यंत चालू ठेवा आणि पातळी भरत राहा. तापमानाच्या काट्यावर विसंबू नका, तो बराच वेळ मधोमधच उभा राहतो. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि ते विषारी आहे.

कॅलिफोर्नियात गॅरेजने कामाआधी लेखी अंदाज द्यायचाच असतो, आणि त्यावर खर्च जाणार असेल तर तुमची परवानगी घ्यायची असते. तक्रार ब्यूरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे करता येते. बदललेले भाग परत हवे असतील तर ते काम देतानाच सांगायचं. 'जुने भाग परत द्यावेत' असं ऑर्डरवर लिहून घ्या. हेड गॅसकेट म्हणजे सिलिंडरची चार मोठी भोकं असलेला पातळ पत्रा. तो खरंच काढला असेल, तर हातात द्यायला गॅरेजवाल्याला एक मिनिटही लागत नाही.