पुण्याच्या गॅलरीत ट्यूलिप : कंद चांगले, सोबतचा कागद कुचकामी

सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीतून डिसेंबरच्या सुरुवातीला ट्यूलिपचे कंद आणले, आधीच थंडावा दिलेले. एका कंदाला ८० रुपये, म्हणजे स्वस्त नाहीतच. पण माल उत्तम निघाला. कंद हाताला भरीव लागत होते, वरचं तपकिरी साल कोरडं, बुडाशी बुरशी नाही. घेर १२ सेंटीमीटरच्या वर होता. बारीक कंद घेतले तर बहुतेक वेळा नुसती पानंच येतात.

थंडाव्याचे पैसे मी आनंदाने मोजते. कंदाला १२ ते १६ आठवडे ४ ते ९ अंशांची थंडी मिळाली तरच दांडा नीट लांबतो, नाहीतर कळी पानांतच अडकून सुकते. श्रीनगरला ही थंडी जमिनीतच मिळते. आपल्याकडे पहाटे कितीही गारठा पडला तरी दुपारी पारा तिशीला टेकतो. म्हणून विचारूनच घ्या, शीतगृहातून कधी काढलेत? घरी आणून लगेच लावणार नसाल तर फ्रिजमध्ये ठेवा, पण सफरचंद-केळ्यांजवळ अजिबात नको. पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते.

तक्रार आहे ती सोबतच्या कागदाबद्दल. त्यावर ‘दिवसभर भरपूर ऊन’ असं छापलंय. हे थंड देशासाठी ठीक. कोथरूडच्या गॅलरीत दुपारच्या उन्हाने फूल दोन दिवसांत गळून जाईल. नर्सरीतल्या काकांनी मात्र तोंडी नेमकं सांगितलं, “ताई, दहापर्यंतचं ऊन द्या, मग सावलीत सरकवा. आणि पाणी साचू देऊ नका.” मी तसंच केलं. मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाडी वाळू घातली, कुंडी पूर्वेच्या कठड्याशी ठेवली.

जानेवारीत लाल फुलं आली. सकाळी ऊब लागली की पाकळ्या उघडायच्या. आत तळाशी पिवळा डाग, त्याभोवती सहा काळपट पुंकेसर. संध्याकाळी पुन्हा घट्ट मिटायच्या. शेजारच्या आजी रोज बघायला यायच्या.

हाच कंद पुढच्या वर्षी फुलेल अशी आशा इथे धरू नका. उन्हाळा लवकर तापतो, कंद पोसायच्या आत पानं वाळतात. हे दुकानात आधीच सांगायला हवं, कारण लोक जपून ठेवतात आणि हिरमुसतात. घरात मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा, कंद तिला विषारी असतो.

मी पुढच्या हंगामासाठी तिथेच नोंदणी केली आहे, या वेळी पिवळ्या रंगाची.